आरामाची शिक्षा

महिन्याच्या अखेरच्या दिवशी नागपुरातल्या कुठल्या ना कुठल्या कचेरीत शाल-श्रीफळाचा कार्यक्रम असतोच. हे शहर १९५६ पर्यंत एका मोठ्या राज्याची राजधानी होते. राजधानी गेली, पण कचेऱ्या राहिल्या आणि कचेऱ्यांबरोबर निवृत्तीचा हा विधीही राहिला. साहेब दोन शब्द बोलतात, सहकारी आठवणी सांगतात, आणि प्रत्येक भाषणाचा शेवट एकाच वाक्यावर येतो: आता आराम करा. ज्याला उद्देशून हे बोलले जाते, तो माणूस राज्य सरकारचा नोकर असेल तर ५८ वर्षांचा असतो. कालपर्यंत त्याच्या सहीवाचून फाइल हलत नव्हती, चाळीस जणांचे स्वभाव आणि चारशे नियम त्याच्या डोक्यात होते. संध्याकाळी तो हार घालून घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तेच वाक्य मुलाच्या तोंडून ऐकू लागतो. "काहून जाता उन्हात, बाबा? मी आणून देतो न." विजेचे बिल मुलगा भरतो. गॅसचा नंबर सून लावते. भाजी मोबाइलवरून येते. बाबांनी पेपर वाचावा, टीव्ही पाहावा, वेळच्या वेळी जेवावे आणि कशातही पडू नये. यात कुणाचा दुष्टपणा नाही, उलट प्रेमच आहे, असे आपण मानतो. माझे म्हणणे असे आहे की हे प्रेम तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कारण त्याच्या आडून आपण आपल्याच माणसांच्या मेंदूला हळूहळू उपाशी ठेवत आहोत.

आपण काय काय काढून घेतो, ते एकदा नीट पाहावे. आधी पैशाचा व्यवहार जातो. पासबुक मुलाच्या कपाटात, एटीएमचा आकडा मुलाला पाठ. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, बाबांना बँकेत नेले जाते, आणि तेही ते हयात आहेत हे सिद्ध करायला. मग निर्णय जातो. घराला रंग कोणता द्यायचा, नातीसाठी आलेले स्थळ कसे आहे, गावाकडची दोन एकर जमीन ठेवायची की विकायची, हे सारे शेजारच्या खोलीत ठरते आणि त्यांना फक्त कळवले जाते. ते काही बोलू लागले तर "तुम्हाला नाही कळणार आताचं" हे उत्तर तयार असते. शेवटी बोलणेच जाते. घरात माणसे असतात, पण त्यांच्याशी होणारे संभाषण चार प्रश्नांपुरते उरते: जेवलात का, गोळी घेतली का, झोप झाली का, पंखा लावू का. साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्याला वारशाने मिळाली आहे. ती खरी ठरावी म्हणून आपण केवढी व्यवस्था उभी केली आहे, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

धंतोलीतल्या किंवा रामदासपेठेतल्या कुठल्याही दवाखान्यात तासभर बसावे, म्हणजे ही व्यवस्था उघड्या डोळ्यांनी पाहता येते. डॉक्टर विचारतात, "आजी, काय त्रास होतो?" आजी पदर सावरते, तोंड उघडते, आणि उत्तर मुलगा देतो. "तिला रात्री झोप येत नाही, भूक नाही, विसरते खूप." डॉक्टर दुसरा प्रश्न विचारतात, पुन्हा मुलगाच बोलतो. तिसरा प्रश्न डॉक्टर सरळ मुलालाच विचारतात. तोवर आजी मांडीवरच्या फाइलच्या प्लास्टिकचा कोपरा दुमडते, उलगडते, पुन्हा दुमडते. बाहेर आल्यावर सून विचारते, "काय म्हणाले हो आई, डॉक्टर?" आजीला सांगता येत नाही. कसे येणार? तिच्याशी कोणी बोललेच नव्हते, आणि कमी ऐकू येत असल्याने त्या दोघांचे बोलणे तिच्या कानी पोचलेही नव्हते. पण मुलगा बायकोकडे पाहतो आणि त्याची नजर म्हणते, बघ, दोन मिनिटांपूर्वीचेही आठवत नाही. न ऐकू आलेल्या गोष्टीची नोंद आपण विसरण्याच्या खात्यावर करतो, आणि असल्या नोंदींची बेरीज करून एका शहाण्या बाईला म्हातारचळ लागल्याचे जाहीर करतो.

या कानांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. चष्म्याची लाज आपल्याला केव्हाच उरली नाही, मोतीबिंदूचे ऑपरेशनही आपण करून आणतो, पण कानाला यंत्र लावायचे म्हटले की घरातला कर्ता पुरुष म्हणतो, "या वयात काय करायचं आहे ऐकून?" नागपूरच्या मे महिन्यात खिडकीला कूलर घरघरत असतो, त्या आवाजात धडधाकट माणसालाही दोनदा विचारावे लागते. कमी ऐकू येणारा म्हातारा दोनदा विचारतो, चारदा चुकीचे उत्तर देतो, सगळे हसतात, आणि पाचव्यांदा तो विचारणेच सोडून देतो. मग आपण म्हणतो, बाबा हल्ली गप्प असतात. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी आणि टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातले जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबवता येतील, असा त्यांचा हिशेब आहे. त्या यादीत ऐकू न येणे आहे, दिसेनासे होणे आहे, एकाकीपण आहे, उदासीनता आहे, मधुमेह, रक्तदाब, शरीराला चलनवलन नसणे आहे, हवेचे प्रदूषणही आहे, म्हणजे कोराडी आणि खापरखेड्याच्या धुराड्यांखाली राहणाऱ्यांनी त्याचाही विचार करावा. पण धूर सोडला तर यातली बहुतेक कारणे आपल्या घराच्या चार भिंतींत आहेत, आणि त्यांतली काही तर आपल्या हातची आहेत.

यादीतले पहिले कारण कोणते, ते मी मुद्दाम मागे ठेवले होते. ते आहे लहानपणी शिक्षण न मिळणे. ज्याच्या मेंदूला बालपणी अक्षरांची, आकड्यांची, विचार करण्याची सवय लागते, त्याच्याजवळ एक शिल्लक साठते, आणि म्हातारपणी मेंदूची झीज सुरू झाली तरी त्या शिल्लकीवर तो पुष्कळ काळ तगून राहतो. आता आपल्या आजीकडे पाहा. आज जी बाई ऐंशीच्या घरात आहे, ती १९५१ च्या जनगणनेच्या वेळी शाळेत जाण्याच्या वयाची होती. त्या वर्षी या देशातल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होते. नागपुरात मुलींच्या शिक्षणाची सोय नव्हती असे कोणी म्हणू नये; पुढे लेडी अमृताबाई डागा यांच्या नावाने ओळखले गेलेले स्त्रियांचे महाविद्यालय इथे १९३२ पासून चालू होते. शाळा होती, रस्ता होता. मुलीला मात्र धाकटे भाऊ सांभाळायला, शेणगोठा करायला, तेराव्या-चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या घरी जायला मोकळे ठेवले होते. ते कोणी केले? आपल्याच पणजोबांनी, ज्यांच्या तसबिरीला आपण दर दिवाळीला हार घालतो. अलीकडे देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण ठळकपणे जास्त, शहरांपेक्षा खेड्यांचे जास्त. बायका जास्त जगतात हे त्याचे एक कारण असेल. पण सातव्या वर्षी हिरावून घेतलेल्या पाटीचा हिशेब सत्तराव्या वर्षी चुकता होतो, हेही त्यात आहे, आणि ती पाटी नियतीने हिरावली नव्हती.

बरे, त्या बाईने शाळेवाचूनही आपल्या बुद्धीला काम शोधले होते. उन्हाळ्याची वाळवणे आठवावीत. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचे पाणी कळशीला धक्का न लावता ओतायचे, पाण्याचे आणि चिकाचे माप डोळ्यांनी धरायचे, गुठळी न होऊ देता शिजवायचे, आणि गच्चीवर ऊन चढण्याआधी साच्यातून घालून मोकळे व्हायचे. आभाळ आले तर सगळे फुकट, म्हणून आदल्या संध्याकाळी वारा पाहून दिवस ठरवायचा. सरगुंडे, शेवया, पापड, मूगवड्या, प्रत्येकाचे माप निराळे, आणि ते कुठे लिहिलेले नाही. शेजारच्या चार घरच्या बायका आलटून पालटून एकमेकींच्या गच्चीवर, म्हणजे कोणाचे कधी ठरले आहे तेही ध्यानात ठेवायचे. उपड्या मडक्यावर हातभर लांब रोटी टाकणारी बाई पीठ किती सैल हवे, हे बोटांनी ओळखते. यात स्मरण आहे, क्रम आहे, अंदाज आहे, चार माणसांशी जुळवून घेणे आहे. मेंदूच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगायचा म्हटला तर याहून वेगळा काय सांगतील? आता ते सगळे प्रदर्शनातून पाकिटात येते. सून कमावती आहे, तिला वेळ नाही, हे न्याय्यच आहे. तिने राबावे असे मी म्हणत नाही. पण ज्या बाईला वेळ आहे, येते आहे, करावेसे वाटते आहे, तिला आपण काय म्हणतो? "आई, तुम्ही बसा हो, तुम्हाला नाही जमणार." उपसा थांबलेल्या विहिरीचे झरे बुजतात, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही, आईच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

बाजारही असाच गेला, आणि बाजाराबरोबर तिथली दुसरी भाषाही गेली. हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासून २०१३ साली एक निष्कर्ष मांडला: ज्यांना एकच भाषा येत होती त्यांच्यापेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाला, आणि हा फरक निरक्षर माणसांतही दिसला. नागपूरच्या माणसाला ही बातमी सुखाची वाटायला हवी. इथली कुठलीही बाई घरात मराठी, इतवारीत हिंदी, आणि माहेर भंडाऱ्या-गोंदियाकडचे असेल तर तिकडची बोली, अशी दिवसभर जिभेची वळणे बदलत असते. संत्र्याच्या ढिगापाशी उभे राहून भाव पाडताना तिचे डोके दोन भाषांत आणि तीन आकड्यांत चालते. ते आपण थांबवले. पाय दुखतील, गाडी धडकेल, हरवेल, अशी कारणे आपल्याजवळ होती आणि ती खोटीही नव्हती. रस्ते आपण असे करून ठेवले आहेत की म्हाताऱ्याने ते ओलांडू नयेतच. परिणाम असा की जी बाई चाळीस वर्षे दोन भाषांत वावरली, तिला आता एकाही भाषेत बोलायला माणूस नाही.

इथे एक आक्षेप येतो, तो मी अनेकदा ऐकला आहे. आपली संस्कृती वडीलधाऱ्यांना मान देणारी आहे, आपण पाश्चात्यांसारखे आईबापांना वाऱ्यावर सोडत नाही, श्रावणबाळाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. खरे आहे, आपण पायाही पडतो. पण पाया पडणे आणि सल्ला विचारणे यांत अंतर आहे, आणि पहिले केल्याने दुसरे टाळता येते, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. शिवाय आपल्या या मानाचा भरवसा सरकारलाही वाटला नाही, म्हणून २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा करावा लागला. त्या कायद्याने पालनपोषणात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार धरले आहेत. कायदा यापुढे जाऊ शकत नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास बापाशी वाद घालावा, असे कलम कुठल्या संसदेला करता येईल? आपण मात्र कायद्यात आहे तेवढेच दिले की कर्तव्य संपले असे समजतो आणि त्यालाच संस्कार म्हणतो. दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: म्हणजे म्हाताऱ्यांना राबवायचे का? नाही. राबवणे आपल्याला चांगले जमते. जुन्या घरांतल्या केशवपन केलेल्या आत्या-मावश्या पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होत्या आणि त्यांना कोणी एका शब्दाने काही विचारत नव्हते. आजही नातवंडे सांभाळण्यापुरत्या आजी-आजोबांच्या शक्तीवर आपला पूर्ण विश्वास असतो. हुकमाचे काम मेंदूला जागवत नाही. ज्या कामात निवड आहे, चुकण्याची मुभा आहे आणि ज्याच्या बऱ्यावाईटाशी माणसाचा संबंध आहे, ते काम मी म्हणतो आहे.

असे काम म्हातारपणी करणारी माणसे आपल्याच शहरात होऊन गेली, आणि त्यांची नावे आपण सभांतून अभिमानाने घेतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी १८९३ साली जन्मले. कलचुरींच्या कोरीव लेखांचा त्यांचा महाग्रंथ १९५५ मध्ये निघाला, वाकाटकांचा १९६३ मध्ये, आणि शिलाहारांचा १९७७ मध्ये. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. मारुती चितमपल्ली वनखात्यातून निवृत्त झाले आणि नागपुरात बसून पक्षी, प्राणी, मासे, झाडे यांचे कोश रचत राहिले. यांना कोणी "आता आराम करा" म्हटले असेल तर त्यांनी ते ऐकले नाही. पण आपण त्यांना थोर म्हणून वेगळ्या पाटावर बसवतो, म्हणजे आपल्या घरातल्या माणसाला तो न्याय लावायला नको. आणि आणखी एक गोष्ट बोलायची राहते. लिहिण्या-वाचण्याची म्हातारपणची ही मोकळीक आपल्याकडे पुस्तकवाल्या पुरुषांना मिळत आली. सुताचा नंबर चिमटीत ओळखणाऱ्या कोष्टी विणकराला, एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली तेव्हा घरी बसलेल्या कामगाराला ती कोणी दिली? सकाळी अंबाझरीवर किंवा कॉलनीच्या बगिच्यात फिरणाऱ्या पेन्शनर मंडळींचे कोंडाळे दिसते, राजकारणावर कडाक्याचे वाद होतात, मोठमोठ्याने हसणेही होते. चांगलेच आहे, चालण्याने आणि भांडण्याने दोन्हीने मेंदूचे भले होते. त्या वेळी त्यांच्या बायका घरी चहाची भांडी विसळत असतात.

हे सगळे वाचून एखाद्या घराने स्वतःला दोष लावून घेऊ नये, म्हणून स्पष्ट सांगतो. स्मृतिभ्रंश घडवणारा अल्झायमर हा आजार आहे. आयुष्यभर वाचणाऱ्याला, रोज चालणाऱ्याला, माणसांत रमणाऱ्यालाही तो होतो. आज माहीत असलेली सारी काळजी घेऊनही निम्म्याहून अधिक स्मृतिभ्रंश टळणार नाहीत. ज्या घरात तो आला आहे, तिथल्या माणसांवर आरोप करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण त्या घरांनाही आपण सोडलेले नाही. बाबा रात्री उठून कचेरीत जायचे म्हणून कपडे घालू लागले की शेजारी हसतात किंवा हळहळतात. म्हणून घरचे दार लावून घेतात, मुलीचे लग्न अडेल म्हणून नाव लपवतात, डॉक्टरांकडे दोन-तीन वर्षे उशिरा जातात. आणि दिवसाचे चोवीस तास त्या माणसाला सांभाळते कोण? मुलगा श्रावणबाळ म्हणवून घेतो. कपडे बदलते, घास भरवते, रात्रीची उठते ती सून. तिच्या स्वतःच्या झोपेचा, रक्तदाबाचा, मनाचा विचार कोणी करत नाही, आणि तीस वर्षांनी तीही त्याच रुग्णांच्या यादीत येते.

बदल होईल का, असा प्रश्न मला पडत नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ६५ वर्षांच्या, मधुमेहाने थकलेल्या एका माणसाने जन्माने मिळालेला धर्म टाकून नवा स्वीकारला, त्या शहराला साठीनंतर माणूस बदलत नाही असे म्हणण्याची सोय नाही. बाबासाहेबांच्या समोर त्या दिवशी जे लाखो लोक बसले होते, त्यांत पिकल्या केसांची माणसे काही थोडी नव्हती. अक्षरओळख नसलेल्यांनी त्रिशरण-पंचशील पालीत म्हणायला शिकून घेतले, देव्हाऱ्यातले जुने देव उतरवले, लग्नाच्या रीती नव्याने पाठ केल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना तुम्हाला काय कळते म्हणून गप्प केले गेले होते, त्यांनी वयाची सबब सांगितली नाही. सबब आज आपण सांगतो, तीही त्यांच्या वतीने.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे म्हणून एक लहान गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकाने साठीच्या पुढच्या बायकांसाठी शाळा उघडली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून आज्या शाळेत जाऊ लागल्या, पाटीवर आपले नाव काढू लागल्या. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, आपण कौतुकाने पाहिली आणि पान उलटले. ते दृश्य गोड वाटले, एवढेच. नागपुरात महापालिकेच्या शाळांचे वर्ग रोज संध्याकाळी रिकामे असतात. शिकवायला निवृत्त शिक्षक-शिक्षिका गल्लोगल्ली आहेत, त्यांनाही करायला काही हवेच आहे. वाचता न येणाऱ्या आज्या प्रतापनगरात सापडायला वेळ लागेल, पण इंदोऱ्यात, तांडापेठेत, वाठोड्यात घरोघर सापडतील. आणि ज्यांना वाचता येते त्यांनी मोबाइलवरून पैसे कसे भरायचे, बसचे तिकीट कसे काढायचे, हे शिकावे, म्हणजे पासबुक परत मागण्याचे बळ येईल. पहिल्या दिवशी चार-पाच जणीच येतील. त्यांना अडवायला बाहेरचे कोणी येणार नाही. "या वयात काय शिकते, आई, लोक हसतील न," असे दारातच म्हणणारा त्यांचाच मुलगा असेल. त्याच्याशी बोलण्याचे काम त्या बायकांवर टाकू नये. तो आपल्या वयाचा आहे, आपल्याच कचेरीत आहे, ते आपण करायचे आहे.